बोट बरं झाल्याची साक्ष

४ नोव्हेंबर, मंगळवार. पहाटे ५.४०
आजपासून शिस्त. ६ डिसेंबरला अकोले तालुक्यातला सुळका. दोरावर मोजक्या जागा, त्यांतली एक माझी. गोरक्षने परवाच सांगितलं, "सर, तुमी फिट असाल तर याच." आमचा म्होरक्या तोच. पेरूच्या बागेतल्या शेडमध्ये प्लायवूड ठोकून त्याने सरावाची भिंत केली आहे. माझं वय चव्वेचाळीस. इतकी वर्षं भूगोलाच्या तासाला फळ्यावर सह्याद्री काढला, आता एकदा तरी त्याच्या डोक्यावर उभं राहायचं. शाळेत कुणालाच सांगितलेलं नाही. स्टाफरूममध्ये बोललो तेवढंच.
साखर बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चहातली साखर चालते असं वाचलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
दाराच्या चौकटीला बोटांवर लटकण्याचा व्यायाम. यूट्यूबवरचा मुलगा म्हणतो, सुरुवातीला एक दिवसाआड करा. तो वीस वर्षांचा, त्याला अनुभव काय असणार. सकाळ-संध्याकाळ केला. संध्याकाळी उजव्या हाताच्या अनामिकेत 'टक्' आवाज आला. काय मोडलं, असं आराधनाने स्वयंपाकघरातून विचारलं. चौकट, म्हणालो.

७ नोव्हेंबर
बोट सुजलं. म्हणजे स्नायू तयार होतोय. बोटात स्नायू नसतातच असं आराधना म्हणते. बायकोचं बारावी सायन्स झालंय, मान्य, पण क्लाइंबिंग झालेलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
आराधनाने ओढत दीनाबाईंकडे नेलं. फिजिओथेरपिस्ट, आमच्याच चर्चच्या. त्या म्हणाल्या, आतला पट्टा दुखावलाय, दोन महिने लटकायचं नाव काढू नका. दोन महिने सामान्य माणसाला. मला तीन आठवडे पुरतील. कुणाला सांगू नका, असं त्यांना बजावलं.

९ नोव्हेंबर, रविवार
दीनाबाईंनी कुणालाही सांगितलं नाही. आराधनाने सांगितलं. भर उपासनेत, प्रार्थनेच्या विनंत्या घेतात तेव्हा उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या ह्यांच्या बोटासाठी. पाळकसाहेब यशया यांनी कोणतं बोट, कोणत्या हाताचं, तेही विचारून घेतलं. सगळ्या मंडळीने प्रार्थना केली.
संध्याकाळी गोरक्षचा फोन. त्याच्या आईला बाजारात कळलं होतं. त्याचा नियम पक्का आहे, दुखापतवाला माणूस दोरावर घ्यायचा नाही. "सर, बोट बरं हुईल तवा बगू. तवर ओंकारला धरतो." ओंकार! त्याला नकाशात अकोले दाखवता येत नाही. नववीला भूगोल मीच शिकवला होता.

१६ नोव्हेंबर, रविवार
मार्ग सापडला. ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याने बरं झाल्यावर उभं राहून साक्ष द्यायची, ही आमच्याकडची रीतच आहे. आज मी दिली. जरा आधी दिली, इतकंच. बोट बरं तर होणारच आहे. सर्वांसमोर हात वर करून घट्ट मूठ वळून दाखवली. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भक्तीने.
उपासनेनंतर राहीबाई खुरडत आल्या. मागच्या बाकावर बसतात, गुडघ्यांनी कैक वर्षं बेजार. माझं बोट चाचपून म्हणाल्या, "एका आठवड्यात रे, लेकरा?" म्हटलं, एका आठवड्यात.
चर्चच्या ग्रुपवरचा व्हिडिओ दुपारपर्यंत गोरक्षकडे पोचला. जागा पुन्हा माझी. ओंकार राखीव.

१८ नोव्हेंबर
एक बारीक अडचण. बोटाला पट्टी बांधता येत नाही. दीनाबाईंकडेही जाता येत नाही. आज त्या भाजीबाजारात समोर आल्या. लांबूनच मूठ वळून दाखवली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मेथी निवडत राहिल्या.

२१ नोव्हेंबर
चर्चच्या रंगकामासाठी बाक बाहेर काढायचे होते. सगळे म्हणाले, सरांना पुढे घ्या, त्यांचं बोट आता नवं आहे. बाक सागवानी.

२३ नोव्हेंबर, रविवार
उपासनेत पेटी मीच वाजवतो. अनामिका बाजूला ठेवून वाजवली. मंडळी पहिल्या कडव्यात अडखळली, नंतर सावरली. पाळकसाहेब म्हणाले, नवी चाल बरी आहे, पण नाताळला जुनीच ठेवा.
राहीबाईंनी पुन्हा गाठलं. मी प्रार्थना कशी केली होती? उपास धरला होता का? गुडघे टेकले होते का? "मला तर टेकताबी येत न्हाई," म्हणाल्या. मनापासून केली, एवढंच सांगून सटकलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
ताप. कणखरपणासाठी चार दिवस पहाटे गार पाण्याने आंघोळ करत होतो, तिचा याच्याशी संबंध नाही. शरीर उंचीची तयारी करत असावं. आराधना म्हणते, डोकं आधीच वर पोचलंय. गोरक्षने फोनवर बसलेल्या आवाजाबद्दल विचारलं. नववीच्या वर्गावर ओरडून बसला, असं सांगितलं.

३० नोव्हेंबर, रविवार
राहीबाईंनी बुधवार आणि शुक्रवार उपास धरायला सुरुवात केली आहे. आज चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "तुझं बोट चटकन बरं झालं. माजा गुडगा हाय तसाच. माज्यातच कायतरी खोट असंल." मी म्हणालो, तसं नसतं. खरं सांगितलं तर दोरावरची जागा जाते. सुळका झाला की निवांत बोलू त्यांच्याशी.
दुपारी जेवण गेलं नाही. तापच असणार.

६ डिसेंबर, शनिवार. मुक्काम सुळक्याचा पायथा
पहिल्याच अवघड जागी बोट उघडलं, पकड सुटली. मी दोरावर लोंबकळलो. गोरक्षने हळूहळू खाली सोडलं, माझा हात स्वतःच्या हातात घेतला, बोट पाहिलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. "सर, वर गेल्यावर माजा दोर तुमच्या हातात असता," एवढंच म्हणाला. हे फार लागलं.
माझ्या जागी ओंकारला बांधलं. निघताना तो माझ्या पाया पडला. सगळे वर गेले आणि मी त्यांच्या चपला माकडांपासून राखल्या. माथ्यावरून त्यांनी हाका मारल्या तेव्हा डावा हात हलवला. मग रडलो. आज ताप नव्हता.

७ डिसेंबर, रविवार
दीनाबाईंनी बोटाला पट्टी बांधली. आता दोनाचे तीन महिने.
चर्चला जाताना खुलासा तयार ठेवला होता: ही नवीन दुखापत आहे, जुनीशी हिचा संबंध नाही. कुणाला दिसू नये म्हणून शेवटच्या बाकावर बसलो. तो राहीबाईंचा बाक, हे लक्षात राहिलं नाही. त्यांनी पट्टी पाहिली, मग मला पाहिलं. कानाशी येऊन विचारलं, "खरं सांग. बरं झालंच नव्हतं ना?" खुलासा तोंडाशी आला होता. त्यांच्याकडे बघून तो सांगता येईना. नव्हतं झालं, अशी मान हलवली.
राहीबाई हसायला लागल्या. इतक्या, की पाळकसाहेबांना वचन वाचताना थांबावं लागलं. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, मला साक्ष द्यायचीय. "सरांचं बोट बरं झालंच नव्हतं! माज्यात काई खोट न्हाई! देवाचे लई उपकार!"
सगळं चर्च आमेन म्हणालं. आराधनाचं सर्वांत मोठ्याने होतं.