भगवंताचं रोजचं धोतर

भगवंता,

आशीर्वाद मागनं देईन, आधी हे वाच. ठमाला घेऊन मी तिच्या माहेरी राजुरीला चालले. सातवा सरत आला. तिचा भाऊ दोनदा गाडी घेऊन दारात आला आन् दोनदा तू त्याला रिकामा धाडलास. का, तर मागं तुझी धोतरं कोण धुणार.

घरनं चावडी आन् चावडीवरनं घर, एवढंच तुझं चालणं. तिथं बसून कागद लिहिणाऱ्याला घाम येतो कुठं? तुझा बाप चिखलात औत हाकायचा, तरी त्याचं धोतर चार दिवसांनी नदीवर जायचं. तुला मात्र काल नेसलेलं आज विटाळल्यागत वाटतं. मामलेदार रोज धोतर बदलतात म्हणे. त्यांच्याकडं धुवायला गडी हाय, तुझ्याकडं पोटुशी बायको व्हती.

काल ती ओल्या पिळ्यांसकट नदीच्या पायऱ्यांवर घसरून पडली. पोर हलतंय, सुईण बघून गेली. तुला ती बोलली न्हाई, कारण आल्या आल्या तू धोतराला चिखल कसा लागला तेवढंच विचारलंस.

रिठे फळीवर हायेत. ते आधी भिजवावे लागतात, एवढं तरी तुला ठाऊक असावं. शेजारी गेणूच्या बायकोकडं धुणं द्यायचं न्हाई, तिला मी बजावून ठेवलंय. बाळंतपण झाल्यावर न्यायला येशील तेव्हा आपल्या हातानं धुतलेलं धोतर नेसून ये. काठातला मळ बघून कुणी धुतलंय ते मी ओळखते. मग ठमाला गाडीत बसवायचं का न्हाई ते ठरवीन.

आई