दगडीवरचं पेनिसिलिन

मंगळवार, ३ जानेवारी १९५६
सकाळी काळाचौकीला, तुकाशेठ गवळ्याच्या तबेल्यात. म्हशीला पुन्हा दगडी, म्हणजे कासेला सूज. कास कडक, तापलेली. हात लावताच लाथ, माझी नडगी सोलली. चौघांनी दाबून धरली तेव्हा सड पिळता आले. दूध नाहीच. पू, रक्ताच्या गुठळ्या. तीन दिवस पेनिसिलिन देऊन ही गत. पूर्वी एकदोन सुयांत उतरायची.
मग कळलं. तुकाशेठचा धाकटा भाऊ भिकू स्वतःच टोचतोय. आजारी, धडधाकट, सगळ्याच म्हशींना. आधीच बंदोबस्त म्हणे. आणि दूध त्याच दिवशी गिऱ्हाइकांकडे.
म्हटलं, सुई दिल्यावर तीन दिवसांचं दूध ओतून टाकायचं.
भिकू : "वतू? लालबागची पोरं काय तुझं सर्टिफिकेट पिणार?"

शुक्रवार, ६
सखाराम, तबेल्यात धारा काढणारा, पन्नाशीचा, कणकवलीकडचा. बोटाला पुळी होती. आज हात कोपरापर्यंत काळानिळा. हॉस्पिटलात पोचवला. तिथेही पेनिसिलिनच सुरू केलं. त्याचा पू आणि म्हशीचा पू, दोन्ही आमच्या लॅबमध्ये जंतू वाढवायला लावले.

सोमवार, ९
दोन्ही बशांत जंतू पेनिसिलिन लावलेल्या कागदी टिकलीला खेटून वाढलेत. औषधाला भीक घातलेली नाही. एकच जात असावी. शपथेवर नाही सांगता येणार.
सखारामचा हात काल खांद्यापासून कापला. शुद्धीवर आल्यावर मला विचारलं, "डाक्टरांनू, माझो हात खंय ठेवल्यांनी?"
 

बुधवार, ११
आमच्या पशुवैद्यकीय ऑफिसात मीटिंग. माझं म्हणणं मांडलं : तबेल्यात पेनिसिलिन फक्त डॉक्टरच्या हातून, फक्त आजारी जनावराला, आणि त्या दुधाची विक्री बंद. आमचे साहेब डॉ. प्रधान, कधी आवाज न चढवणारे, म्हणाले, "आपण किती जण? तबेले किती? तुमची पाळी येईपर्यंत म्हैस तडफडून मेली तर ती कोणी मारली?"
 टेबलावर मूठ आपटली. काच तडकली.
"लेखी मत द्या," म्हणाले. "वर पाठवतो. पण विचार करून लिहा."

शुक्रवार, १३
सखाराम सकाळी गेला. विष रक्तात भिनलं.
तसाच तबेल्यात. भिकू सुई भरत होता. हातातली बाटली ओढली, फरशीवर फोडली. त्याने दावं फिरवलं, सपकन तोंडावर. मग दांडका. माझीच बरगडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मूठ चालवली. त्याचे पुढचे दोन दात गेले. दोघं शेणामुतात लोळलो. म्हशी दावी तोडायला लागल्या तेव्हा तुकाशेठने पाण्याची बादली ओतून सोडवलं.
खरं ते लिहितो. दात पडले तेव्हा बरं वाटलं. अजून एक पाडायचा होता.
घरी बायकोला, सुमनला, सांगितलं, म्हशीने मारलं. तिने माझी मूठ धुतली. त्यात रुतलेला दाताचा तुकडा काढून वाटीत ठेवला. 

सोमवार, १६
रेडिओवर जाहीर : मुंबई महाराष्ट्राला नाही. केंद्राकडे. चाळीतले सगळे एकदम जिने उतरायला लागले. मी बरगडी धरून गॅलरीत. खाली दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, अश्रुधूर. मग गोळ्या. त्या फटाक्यांसारख्या वाजत नाहीत.

मंगळवार, १७
दुपारी भिकूला हातगाडीवरून आमच्या चाळीत आणला. मोर्चात पुढे होता. गोळी मांडीतून आरपार. हॉस्पिटलच्या रस्त्यावर पोलीस, कोणाला सोडत नव्हते.
तुकाशेठ : "डाक्टर, जनावराचं का हुईना, तुमी डाक्टर हाय."
जखम बांधलेला फडका सोडला. ओळखला. कास पुसायचा फडका. रक्त थांबवायला तबेल्यात तोच हाताशी होता म्हणे.
सुमनने पाय दाबून धरले. मी धुतलं, हाडाच्या बारीक कपच्या वेचल्या. भूल नाही. भिकू कुत्र्यासारखा ओरडला, माझ्या दंडाला चावला. मग म्हणाला, "टोच की! म्हशीचं टोच, बघतोस काय!"
माझ्या पेटीत तेवढंच होतं. टोचलं.

गुरुवार, १९
ताप. मांडी तुकतुकीत, दगडासारखी. वास येतोय, ओळखीचा.
तुकाशेठ म्हणाला, "दुप्पट द्या." दिलं. माझा हात त्यालाच गेला, दुसरं काय होतं?
बाहेर पुन्हा गोळीबार. खालच्या मजल्यावरची एक बाई पाणी भरताना गेली. नळ तसाच वाहत होता.

शनिवार, २१
कर्फ्यू दोन तास उठला, तेवढ्यात भिकूला हॉस्पिटलात दाखल केला. तिथल्या सर्जनने विचारलं, आधी काय दिलंत? सांगितलं. किती? तेही सांगितलं. म्हणाला, पेनिसिलिनला हे दाद देणार नाही. नवं एक औषध आहे, थोडंच आहे, वॉर्ड जखमींनी भरलाय. आज देऊन बघतील. नाहीतर उद्या पाय कापतील.

रविवार, २२
वॉर्डबाहेर बाकावर बसून मत लिहिलं. उद्या प्रधानसाहेबांना द्यायचंय. तुकाशेठ शेजारी, दोन दिवसांत पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही.
"काय लिवलं, वाचा."
वाचलं. तबेल्यात औषध डॉक्टरच्याच हातून, बाकी बंद. सखारामचं नाव घातलंय. भिकूचं घालू की नको, जागा कोरी ठेवलीय.
मला वाटलं, अंगावर येईल. आला नाही. 
"माझ्या तीन म्हशी परवापास्नं दगडीनं पडल्यात. त्या वरडत्यात, डाक्टर. त्यांचं काय लिवलं?"
नव्हतं लिहिलं.
आतून सिस्टरने हाक मारली : भिकू गवळी, नातेवाईक कोण? पाय कापायला सही हवी. तुकाशेठला उठवेना. मी उठलो.