पाळण्याची करकर

३ ऑक्टोबर
नारिनहून बिश्केकला आले एकदाची! गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आवाज घडवायला शिकायचंय. महिनाभरात जमलं तर नोकरी, नाहीतर घरी मेंढ्या आहेतच. खोली सोनुनबूबू आपांकडे मिळाली. त्यांची सून आयचुरोक आठव्या महिन्यात आहे. दोघींनी तळलेले बोरसोक आणि चहा भरवून भरवून माझंही पोट तिच्याएवढं केलं.

११ ऑक्टोबर
या सॉफ्टवेअरने जीव नकोसा केलाय. पन्नास बटणं, आणि कुठलंही दाबलं की दार पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं. शिकवणारे दामिर आगाय डोळे मिटून ऐकतात आणि विचारतात, "हे दार आहे का कुणाचा ढेकर?" सगळे हसतात. मायक्रोफोनपुढे आज तीन कोबी मोडले; हाड मोडल्याचा आवाज काही येत नाही. संताप येतो नुसता.

१९ ऑक्टोबर
आता गेममधल्या भुताच्या खोलीसाठी पाळण्याची करकर हवी. माझ्या सात करकरी आगायांनी नापास केल्या. घरात आपांनी बाळासाठी जुना लाकडी पाळणा काढून ठेवलाय. परवा नुसता हात लावला तर ओरडल्या, "अगं ए पोरी! रिकामा पाळणा हलवतात का? कुणाचा तरी श्वास मागतो तो!" माझी आजीही हेच म्हणायची. म्हाताऱ्यांना सगळ्यातच अपशकुन दिसतो.

आज त्या दोघी दवाखान्यात तपासणीला गेल्यावर मी रेकॉर्डर लावून तो चांगला दहा मिनिटं हलवला. काय करकरला!

२० ऑक्टोबर
करकरीखाली श्वास ऐकू येतोय. इवलासा, भरभर. माझा नाही, मी माझा रोखून धरला होता तिथेही येतोय. आगाय म्हणाले, "झकास! तेवढा श्वास काढून टाक, नोकरी तुझी." तीन तास डोकं फोडलं. श्वास पुसला की करकरही जायची. शेवटी दुपारी सव्वातीनला जमलं. मूळ फाइलवरच सेव्ह केलं, रेकॉर्डर रिकामा केला आणि खोलीभर नाचले.

२१ ऑक्टोबर
आयचुरोक म्हणते, कालपासून बाळ हललं नाही. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, दुपारी तीन-सव्वातीन.

२२ ऑक्टोबर
तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. बाळाचे ठोके जेमतेम लागतायत. आपा रडत विचारत होत्या, पाळणा कुणी हलवला का. मी तडक ऑफिसात पळाले. लाज वाटते. केलेलं मागे फिरवायचं बटण दाबून दाबून बोट दुखलं. काही परत येत नाही. माझ्याच हाताने पुसला—

२३ ऑक्टोबर
घरात एकटीच आहे. पाळणा पुन्हा हलवतेय, रेकॉर्डिंग चालू. कानात नुसती करकर. मी चुकले रे बाळा, ये ना—

आला! श्वास आला!

आपांचा फोन. बाळाने लाथ मारली. "जोरात मारली गं पोरी!" म्हणत हसतायत, रडतायत.

आता या रेकॉर्डिंगला हात लावणार नाही. नोकरी गेली खड्ड्यात.

पण मी मायक्रोफोनला तोंड लावून हुंदके देतेय आणि पडद्यावर बाळाचाच श्वास उमटतोय, तोच इवलासा, भरभर. माझा नाही. जोरात फुंकर मारली. माझी रेघ सपाट—

खिडकीच्या गार काचेवर फुंकलं. वाफ धरत ना