सरजाचं सुतक

मंगळवार, कडेगाव

नववीच्या मुलांना इंग्रजीत एक साधं वाक्य आणि एक रूपक लिहायला दिलं होतं. साध्या वाक्याच्या जागी मनीषानं लिहिलं, 'आमचा बैल सरजा माझा काका होता.' मी लाल फुली मारली. हे तर रूपक!

आज वही बघून ती म्हणाली, "न्हाई मॅडम. सरजा गेला तवा आजोबांनी मुंडण केलं. आमी दहा दिवस सुतक पाळलं. काकाच व्हता."

वही घरी आणलीय. फुली खोडू? पण व्याकरण...?

आणि रूपकाच्या जागी तिनं लिहिलंय, 'माझे वडील पाहुणे आहेत.' ते मिलिटरीत, वर्षातून एकदा येतात. तिथं मी डोळे झाकून बरोबर दिलं होतं.

मग साधं वाक्य नक्की कुठलं?