अकरा पाकिटं

दादा,

बाबांनी जमवलेली ती थोरामोठ्यांच्या गौरवाची टपाल पाकिटं आठवतात ना, तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेली? त्यातल्या अकरांची तिकिटं भिजवून मीच सोडवली आणि पाकिटं केरात टाकली. शिक्क्यासकट अख्खं पाकीट जपायचं असतं, हे मला कुठे ठाऊक होतं? बाबांनी तुझ्यावर आळ घेतला, तू घर सोडलंस आणि मी ब्र काढला नाही.

मघाशी उरलेली पाकिटं पुसता पुसता ते म्हणाले, "त्याला लिही. माफ केलं म्हणावं."

आता दाराशी येऊन उभे आहेत. "झालं का लिहून?"

हे पत्र वहीखाली सारते. त्यांच्या हातात दुसरं देईन, त्यात एवढंच: 'दादा, बाबांनी तुला माफ केलं. ये.'

तुझी, अजूनही गप्पच,
चिमी