तक्रार तीच हवी

६ सप्टेंबर

चार महिने या रोजनिशीकडे फिरकले नाही, माफी असावी. परदेशातलं हे दुसरं गाव, नवी नोकरी, नवं भाड्याचं घर. आणि गेल्या आठवड्यात आई आली! कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं तपासते मी. आईने शेजारणीला खुणांनीच पटवलं की मी कारखान्याची साहेबीण आहे. आल्या आल्या माझे सगळे डबे घासले आणि एवढी शिकलीस पण तुला साधं फडकं पिळता येत नाही, असं ऐकवलं. घर भरल्यासारखं वाटतंय.

११ सप्टेंबर

आईचा गुडघा धरला. ती पाहुणी म्हणून आलेली, त्यामुळे सरकारी दवाखाना तिला घेत नाही. खासगी डॉक्टरांकडे नेलं. आईला इथली भाषा येत नाही, तेव्हा तिच्या वतीने मीच बोलले. डॉक्टर अगदी शांत. आईकडे बघितलंही नाही. मी बोलायचे, ते लिहायचे. फी ऐकून आई म्हणाली, एवढ्यात आपल्याकडे डॉक्टर घरजावई करून घेता आला असता. काउंटरवरच्या बाईंनी नियम सांगितला: फेरतपासणीला निम्मे पैसे, पण तक्रार तीच हवी. नवी तक्रार म्हणजे पुन्हा पूर्ण फी.

१९ सप्टेंबर

आईचा गुडघा दुखायचा थांबला, पण आता डोळा चुरचुरतोय. पूर्ण फी द्यायची माझी ऐपत नव्हती असं नाही, जिवावर आलं. गुडघा अजून दुखतोच, असं सांगितलं आणि जाता जाता डोळ्याचं विचारून घेतलं. एवढा वेळ काय बोलत होतीस, असं आईने जिन्यात विचारलं. हवापाण्याचं, म्हणाले. आयुष्यात तिकिटाशिवाय बसमध्ये चढले नाही मी. संध्याकाळी आई गुडघा धरून बसली. थंडीने असेल.

२७ सप्टेंबर

गुडघ्याचं दुखणं खरंच हटेना, पण आज पोटाचंही विचारायचं होतं. डॉक्टरांना संशय येऊ नये म्हणून गुडघ्याचं जरा वाढवून सांगितलं. सूज वर चढतेय असं मी म्हणाले, आणि कुठवर ते माझ्याच मांडीवर माझा हात ठेवून दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं.

घरी आल्यावर आईचं पातळ वर करून पाहिलं. सूज तिथवरच. बरोबर माझा हात होता तिथवर.

२८ सप्टेंबर

योगायोग असणार. लेबलं तपासताना आज तीन चुका सुटल्या. पर्यवेक्षक म्हणाला, बाई, लक्ष कुठे आहे? आई रात्रभर कण्हत होती. निम्म्या फीसाठी मी तिला हे—

३० सप्टेंबर

पुन्हा गेले. या वेळी नीट ठरवून, एकेक शब्द तोलून बोलले: आईला आता कुठेच काही दुखत नाही, कशाचाच त्रास नाही. डॉक्टर पहिल्यांदाच हसले आणि फाइल बंद केली.

आई जिना तरातरा उतरली. मी रस्त्यातच रडले.

२ ऑक्टोबर

आईने उकळता चहा एका घोटात संपवला. जीभ भाजली नाही का, विचारलं. नाही म्हणाली.

५ ऑक्टोबर

भाजी चिरताना तिचं बोट कापलं. फळी लाल झाली तरी चिरतच होती. मीच ओरडले. एवढं काय झालं, म्हणाली.

७ ऑक्टोबर

धाकट्या मामाचा मुलगा फोनवर रडत होता. मामा गेला. आईने कडेवर वाढवलेला भाऊ. आईला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

८ ऑक्टोबर

दोन दिवस जेवली नाही. भूकच नाही म्हणते. मी मुद्दाम ओलं फडकं न पिळता तसंच ओट्यावर टाकलं. बोलली नाही. नुसती बघते, डॉक्टर माझ्याकडे बघायचे तशी—

९ ऑक्टोबर

दवाखान्यात फोन केला. बाई म्हणाल्या, पेशंटची तक्रार काय? पेशंटची काहीच तक्रार नाही, मी म्हणाले. मग भेट कशाला? ओरडले, पूर्ण फी देते, दुप्पट देते! उद्याची वेळ दिली.

पण सांगू काय? दुखतं म्हणाले तर किती? थोडं म्हणाले तर कुठे? मामाचं दुःख व्हावं, पण तिला सोसेल एवढंच, हे कोणत्या शब्दांत—

आई दारात उभी आहे. हाताला चटका बसलाय, कातडी सुटलीय. हसतेय.

उद्या: डॉक्टरांना सांगायचं, आईला दुखतंय, फार नाही, फक्त इतकं की—