बाबांची शेवटची धार

हामार, नॉर्वे

प्रिय आई,

आम्ही सुखरूप पोचलो. तुझी नात यिल्डू नीट जेवते. तू एकटीसाठी स्वयंपाक करतेस ना?

बाबा गेल्यापासून ती बर्फावरच्या स्केटच्या पात्यांना कुणाला हात लावू देत नव्हती. त्यांनी लावलेली शेवटची धार होती ती. पण बोथट पात्यांवर ज्युनियर विश्वस्पर्धा कशी जमणार? आज सकाळी तिने स्वतःच बाबांचा धारेचा दगड काढला. धार लावून नखावर पाहिली, अगदी त्यांच्यासारखी मान वाकडी करून. मी बघतच राहिलो.

"पप्पा, इकडे नका रडू. पाती गंजतील!"

शर्यतीत शेवटच्या वळणावर ती इतकी झुकली, की बर्फाला जवळजवळ टेकलीच होती. लोक ओरडत होते, तरी मला पात्यांचा आवाज आला. बाबांनी धार लावली की यायचा, तसाच.

तिसरी आली. दगड आता तिच्याकडेच राहू दे, चालेल ना?

तुझी आठवण काढणारा,
वित्से